इंडक्शन शेगडी संध्याकाळी ई-३ दाखवते, पहाटे बरोबर चालते : बोर्ड गेला की लाइट कमी?

पांदणरस्ता | ११ जानेवारी, रात्री ८:५५

नमस्कार मंडळी. ठिकाण दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. शेगडी २००० वॅटची, बटणांची, वॉरंटी संपलेली. पहाटे पाच ते सात कितीही वेळ चालवा, तक्रार नाही. संध्याकाळी साडेसहानंतर १८०० वर लावली की मिनिटाभरात टीं-टीं करून ई-३ येतो आणि बंद पडते. ८०० वर तेव्हाही चालते. साडेनऊनंतर पुन्हा ठीक.

पुस्तिकेत ई-३ म्हणजे कमी व्होल्टेज, १६५ च्या खाली गेलं तर. पण शेगडी बंद ठेवून सॉकेटवर मीटर लावला तर भर संध्याकाळीही २०४ दाखवतो. तालुक्याच्या दुकानात "पूर्ण किट बदला" म्हणतात. किट बदलण्याआधी काय काय तपासायचं ते क्रमाने सांगा. मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर दोन्ही आहेत.

मोजूनसांगा | ११ जानेवारी, रात्री ९:३०

भाऊ, किटचे पैसे सध्या खिशातच ठेवा. जी शेगडी पहाटे १८०० वर तासभर चालते तिचा बोर्ड, कॉईल, आयजीबीटी (कॉईलचा करंट चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर), सेन्सर सगळं जागेवर आहे. घड्याळ पाहून बिघडणारी गोष्ट बहुतेक वेळा शेगडीच्या बाहेर असते.

रिकाम्या सॉकेटवरचे २०४ इथे उपयोगाचे नाहीत. मीटर स्वतः करंट ओढत नाही, त्यामुळे वाटेत कुठे तार ढिली असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. शेगडी ८ अँपिअर ओढू लागली की खरा आकडा कळतो. म्हणून मोजायचं ते शेगडी चालू असताना, आणि तेही एका जागी नाही, तीन जागी.

मोठ्या गंजात चारेक लिटर पाणी ठेवा. एवढं पाणी उकळायला वेळ लागतो, तोवर लोड एकसारखा राहतो. शेगडी १८०० वर लावा. ई-३ येऊन बंद पडली तर १२०० वर लावा आणि क्लॅम्प मीटरने फेजच्या एकाच तारेवरचा करंट लिहून ठेवा. मग एकापाठोपाठ एक मोजा:

क) मीटरकडून येणारी तार किटकॅटला (चिनी मातीच्या फ्यूजला) जिथे लागते तो स्क्रू आणि न्यूट्रल
ख) किटकॅटच्या पुढे, मेन स्विचच्या बाहेरच्या बाजूला
ग) शेगडीच्या सॉकेटवर

वीज मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, त्याची गरजही पडत नाही. चालू लाइटवर मोजताय, तेव्हा कोरड्या पाटावर उभे राहा, पायात रबरी चप्पल ठेवा आणि प्रोबचं टोक सोडून बाकी धातू उघडा नको. एकच हात वापरायची सवय असेल तर उत्तम.

ओहमचा_नियम | ११ जानेवारी, रात्री १०:१०

वरच्यात एक भर. किटकॅटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूवर एकेक प्रोब ठेवून एसी व्होल्टेज मोजा, अर्थात शेगडी चालू असताना. निरोगी किटकॅटवर हा आकडा शून्याच्या जवळ येतो, पाव व्होल्टसुद्धा नाही. न्यूट्रलच्या लिंकवरही तसंच मोजा. न्यूट्रलकडे कोणी पाहत नाही, आणि निम्मे रोग तिथेच असतात.

पांदणरस्ता | १२ जानेवारी, संध्या. ७:४०

आत्ताच मोजलं. १८०० वर लावल्यावर बंद पडायच्या आधीचे आकडे, करंट ८ अँपिअर:

क) १८२
ख) १६८
ग) १६२
फेजच्या किटकॅटच्या दोन स्क्रूंमध्ये ११ व्होल्ट, न्यूट्रल लिंकवर ३ व्होल्ट.

मेन बोर्ड ते स्वयंपाकघर अंदाजे २० मीटर, तांब्याची १ चौरस मिलिमीटरची तार. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची २.५ ची, सुमारे ३० मीटर.

मोजूनसांगा | १२ जानेवारी, रात्री ८:२०

आकडेच बोलून राहिले भाऊ. एकेक घेऊ.

किटकॅटवर ११ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर म्हणजे ८८ वॅट. २५ वॅटच्या तीन सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता त्या चिनी मातीच्या ठोकळ्यात रोज संध्याकाळी निर्माण होत आहे. ई-३ राहू द्या बाजूला, हे आधी दुरुस्त करा, ही आग लागायची जागा आहे. आजपासून ते होईपर्यंत शेगडी ८०० च्या वर लावू नका. मेन बंद करून किटकॅट ओढा. आतल्या पितळी पात्या काळ्या-निळ्या पडलेल्या दिसतील आणि जबड्याची पकड सैल झालेली असेल. घासून, पक्कडने दाबून काही आठवडे चालेल, पण एकदा तापून मऊ झालेली पाती पुन्हा पकड धरत नाही. काढून टाका. मेनला दोन पोलचा एमसीबी आणि स्वयंपाकघराच्या लाइनला वेगळा एमसीबी लावा, १ ची तार आहे तोवर १० अँपिअरचा, २.५ ची ओढल्यावर १६ चा.

न्यूट्रल लिंकवरचे ३ व्होल्ट: तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं एकमेकांत पिळून वर टेप मारलेली असणार. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने पांढरा थर चढतो, तो थर वीज जाऊ देत नाही, जोड तापतो, तापल्याने आणखी ढिला होतो. हे चक्र थांबत नाही. पिळलेला जोड काढा, टोकं पॉलिश पेपरने घासा आणि दोन स्क्रूच्या पितळी कनेक्टरमध्ये दोन्ही टोकं वेगवेगळी कसा.

घरातल्या २० मीटर तारेत ६ व्होल्ट पडतात, ते १ चौरस मिलिमीटरच्या तारेला साजेसेच आहे. २.५ ची तार ओढली तर अडीच व्होल्टच्या आसपास येईल. घाई नाही, पण २००० वॅटच्या शेगडीला २.५ चीच तार आणि १६ अँपिअरचंच सॉकेट पाहिजे.

आता उरलं घराबाहेरचं. रिकाम्यात २०४ आणि लोडवर १८२, म्हणजे २२ व्होल्ट तुमच्या दारापर्यंत यायच्या आधीच गेले. ३० मीटर सर्व्हिस वायर ८ अँपिअरला ६ व्होल्ट खाते. डीपीपासूनच्या (ट्रान्सफॉर्मरपासूनच्या) लाइनमध्ये आणखी तीन-चार धरा. १० चा हिशेब लागला. उरलेले १२ बहुधा खांबावरच्या जोडात आहेत. तिथे आपण चढायचं नाही. लाइनमनला सांगा किंवा १९१२ वर तक्रार नोंदवा, आणि "व्होल्टेज कमी आहे" असं मोघम सांगू नका. "खांबावरचा माझ्या सर्व्हिसचा जोड ढिला आहे, रिकाम्यात २०४, लोडवर १८२" असं सांगा. नेमका जोड सांगितला की माणूस शिडी घेऊनच येतो.

बोरीबाभळी | १२ जानेवारी, रात्री ९:०५

इतकं करण्यापेक्षा स्टॅबिलायझर लावा ना भाऊ. आमच्या इकडे सगळे तेच करतात.

ओहमचा_नियम | १२ जानेवारी, रात्री ९:३५

ढिल्या जोडावर स्टॅबिलायझर म्हणजे दुखणं वाढवणं. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. १६२ चे २२० करायचे तर तो मागून जास्त करंट ओढतो. बाहेर २२० ला ८ अँपिअर हवे असतील तर आत १६२ ला ११ च्या जवळ जातात, वर त्याचा स्वतःचा खर्च. त्याच किटकॅटमधून ८ ऐवजी ११ गेले की तिथली उष्णता जवळजवळ दुप्पट होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

सगळे जोड पक्के करूनही क) वरचा आकडा लोडवर १७० च्या खाली राहत असेल, म्हणजे डीपीच दबलेली असेल, तर स्टॅबिलायझरला अर्थ आहे. तेव्हा २००० वॅटच्या शेगडीला ३ ते ४ केव्हीएचा घ्यावा लागतो. टीव्हीचा किंवा फ्रिजचा छोटा चालत नाही.

बोरीबाभळी | १२ जानेवारी, रात्री ९:५०

पटलं. मग संध्याकाळीच काहून येते हे? किटकॅट तर पहाटेही ढिलाच असते.

मोजूनसांगा | १२ जानेवारी, रात्री १०:१५

पहाटे रिकाम्यात २३० च्या आसपास मिळत असेल. त्यातून तेच ४० वजा केले तरी १९० उरतात, शेगडीची १६५ ची रेषा लांब आहे. संध्याकाळी सुरुवातच २०४ पासून. हे दिवस गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे आहेत, आणि जिथे गावठाणाची आणि शेतीची लाइन एकाच डीपीवर आहे तिथे मोटारी सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज बसतं. त्यात सगळ्या घरांचे दिवे, टीव्ही, आटाचक्की. ढिला जोड बारा महिने होता, संध्याकाळने तो उघडा पाडला.

पांदणरस्ता | १६ जानेवारी, संध्या. ८:०५

किटकॅट काढून एमसीबी लावले, न्यूट्रलचा जोड कनेक्टरमध्ये घेतला. किटकॅटची एक पाती निळी पडली होती आणि ठोकळ्याला मागून तडा होता. आता लोडवर क) १८३, ग) १७७. १८०० वर पाणी उकळेपर्यंत कोड नाही. लाइनमनने खांबावरचा जोड नवा करून दिल्यावर क) १९३, ग) १८७. तार २.५ ची ओढायची बाकी आहे.

संत्राबाग | १७ जानेवारी, सकाळी ७:२०

याच धाग्यात विचारतो. ठिकाण वरूड. शेगडीचा प्लग लावला की काहीही न दाबता ई-४ येतो. भांडं ठेवा, नका ठेवू, फरक नाही. पुस्तिका हरवली आहे. नेटवर एक जण ई-४ म्हणजे जास्त व्होल्टेज म्हणतो, दुसरा सेन्सर म्हणतो. सॉकेटवर दिवसभर २२५ ते २३५ आहे.

तारकामगार | १७ जानेवारी, सकाळी ९:१०

दोघंही आपापल्या शेगडीपुरते बरोबर आहेत. ई-१ ते ई-८ हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही बदलतात. शेगडीच्या बुडाला स्टिकर असतो, कधीकधी त्यावर कोड छापलेले असतात. नसतील तर कोडचा नंबर सोडा आणि तो *कधी* येतो ते पाहा. त्याने निम्मं काम होतं.

प्लग लावताच किंवा चालू करताच, थंड असताना: सेन्सर तुटलेला किंवा शॉर्ट, नाही तर व्होल्टेज मोजणारे रेझिस्टर.
भांडं ठेवूनही "भांडं नाही": भांडं चुकीचं, किंवा कॉईलकडून येणारे मोठे रेझिस्टर.
पाच-दहा मिनिटांनी: पंखा, हवेची वाट, आयजीबीटीखालची पेस्ट.
ठराविक वेळेला: लाइट. वर झालंच त्यावर.

तुमचा पहिला प्रकार. उघडायच्या आधी हे वाचा. प्लग काढून पाच मिनिटं थांबा. मोठ्या चौकोनी कंडेन्सरवर, ज्यावर ५ मायक्रोफॅरॅड लिहिलेलं असतं, सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेलं असतं. मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन पायांवर मोजा, १० च्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. आणि प्लग लावलेला असताना हीटसिंकला (आयजीबीटी थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांना), डिस्प्लेच्या छोट्या बोर्डालासुद्धा बोट लावायचं नाही. यातली ५ आणि १८ व्होल्टची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते, अख्खा बोर्ड लाइटवर असतो.

बुडाचे स्क्रू काढा, एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. काच वर उचलताना सावकाश, डिस्प्लेची पट्टी ताणली जाते. कॉईलच्या मधोमध काचेला चिकटलेला मण्यासारखा सेन्सर दिसेल, दोन बारीक तारा बोर्डावर दोन पिनच्या कनेक्टरला जातात. कनेक्टर काढून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक शेगड्यांत तो २५ अंशाला १०० किलोओहमचा असतो. दुसरा तसाच सेन्सर आयजीबीटीच्या शेजारी हीटसिंकला टेकलेला असतो.

मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. दोन-चार ओहम दाखवत असेल तर शॉर्ट. घरात धान्य भरलेलं असेल तर तारेवर उंदराचे दात आहेत का तेही पाहा.

ओहमचा_नियम | १७ जानेवारी, सकाळी १०:००

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी पक्की लक्षात ठेवावी. "१०० किलोओहम आलाच पाहिजे" असं धरून बरेच जण चांगला सेन्सर फेकतात. तो आकडा २५ अंशाचा आहे. तापलं की रेझिस्टन्स घसरतो. नेहमीच्या सेन्सरचा ४० अंशाला सुमारे ५३, ४५ अंशाला ४३, उकळत्या पाण्याच्या तापमानाला ७ किलोओहम. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ४५ किलोओहम दाखवला तर सेन्सर ठणठणीत आहे.

तपासायचा सोपा मार्ग: मीटर लावून मणी दोन बोटांत धरा. आकडा सावकाश एका दिशेने सरकला पाहिजे. उन्हाळ्यात खोलीच अंगापेक्षा गरम असते, तेव्हा बोटांऐवजी थंड पाण्याच्या पेल्याला टेकवा, आकडा वर जाईल. उड्या मारत असेल तर तार आत तुटली आहे.

संत्राबाग | १७ जानेवारी, दुपारी १:३०

वरचा सेन्सर ८८ किलोओहम, हीटसिंकचा ९०. दोन्ही बोटांत धरल्यावर सरकतात. म्हणजे सेन्सर ठीक. आता?

तारकामगार | १७ जानेवारी, दुपारी २:१५

मग व्होल्टेज मोजणारी साखळी. मेनच्या दोन तारांवरून दोन डायोड निघतात, तिथून मोठ्या ओहमचे दोन-तीन रेझिस्टर एकामागे एक, ३३० किलो, ४७० किलो असे, आणि शेवटी बोर्डाच्या ग्राउंडकडे काही किलोओहमचा एक लहान रेझिस्टर. त्या लहान रेझिस्टरवरचं व्होल्टेज पाहून चिप ठरवते की लाइट किती आहे.

वरच्यांपैकी एक वाढला किंवा तुटला तर चिपला कमी दिसतं, २३० असतानाही कमी व्होल्टेजचा कोड येतो. खालचा लहान तुटला तर उलटं, जास्त व्होल्टेजचा कोड. खालच्याच्या जोडीला असलेला छोटा कंडेन्सर गळू लागला तरी कमीचा कोड. प्रत्येक रेझिस्टरचा एक पाय सोल्डरमधून सोडवून मोजा. बोर्डात लावलेला असताना मीटर फार तर कमी दाखवेल, जास्त दाखवणार नाही. म्हणून लावलेल्या अवस्थेतच छापील आकड्यापेक्षा जास्त आला तर तो खात्रीने गेलेला. सगळे रेझिस्टर एकदमच बदलून टाका, तेवढ्याच वॅटचे किंवा मोठे. दर काही मोठा नसतो.

गुळवेल | १७ जानेवारी, दुपारी ३:००

सेन्सरवाल्यांसाठी शॉर्टकट. सेन्सर मिळत नसेल तर त्या कनेक्टरमध्ये ४७ किलोचा साधा रेझिस्टर टाका. कोड जातो, शेगडी चालते.

मोजूनसांगा | १७ जानेवारी, दुपारी ३:२०

हे कोणीही करू नका. ठामपणे सांगतो. चिपला कायम वाटत राहतं की काच ४२-४३ अंशावर आहे. कढईतलं तेल धुरावलं, पेटलं तरी ती शेगडी पूर्ण ताकदीने तापवत राहील. दूध आटून गंज लाल झाला तरी बंद होणार नाही. हीटसिंकच्या सेन्सरच्या जागी टाकला तर पंखा बंद पडल्यावर आयजीबीटी फुटेपर्यंत कोड येणार नाही. घरात पोरंबाळं वावरतात भाऊ. सेन्सर ही त्या शेगडीतली स्वस्तातली वस्तू आहे, अमरावती-नागपूरच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात किंवा भंगार शेगडीतून मिळते. मिळेपर्यंत शेगडी बंद ठेवा, चूल-गॅस आहेच.

गुळवेल | १७ जानेवारी, दुपारी ४:१०

तळणाचा मुद्दा बरोबर आहे. माझी पोस्ट कोणी वापरू नये.

संत्राबाग | १९ जानेवारी, सकाळी ८:००

एक ४७० किलोचा रेझिस्टर बोर्डावरच ९०० किलोच्या वर दाखवत होता. साखळीतले सगळे बदलले. प्लग लावल्यावर कोड नाही, चालू आहे. म्हणजे माझ्या शेगडीत ई-४ म्हणजे कमी व्होल्टेज होतं.

झाडीपट्टी | ९ मे, दुपारी ४:३०

धागा वर काढतो. ब्रह्मपुरी. दुपारी स्वयंपाक लावला की सात-आठ मिनिटांत ई-६, शेगडी स्वतःच बंद, पंखा फिरत राहतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालते. सकाळी क्वचितच येतो. व्होल्टेज लोडवर २१० च्या वर, वर सांगितल्याप्रमाणे तपासलं.

तारकामगार | ९ मे, संध्या. ६:००

उष्णतेचा कोड. शेगडी खालून हवा ओढते आणि मागून सोडते. बाहेर ४५ अंश असेल तर ती तीच हवा आयजीबीटीवर फुंकणार, म्हणून हवेच्या वाटेत थोडाही अडथळा असला तर उन्हाळ्यात लगेच कळतो.

शेगडी खालून उलटी करून पाहा. आपल्याकडे खाली मेणकापड किंवा पेपर अंथरतात. पंखा तो कागद ओढून जाळीला चिकटवतो. काढा, खाली टणक फरशी किंवा फळी हवी. भिंतीपासून मागे वीतभर जागा सोडा. चुलीच्या किंवा भाकरीच्या तव्याच्या शेजारी ठेवली असेल तर हलवा, तिथली गरम हवाच आत जाते.

मग उघडून पंखा आणि हीटसिंक. कापूस घरात साठवणाऱ्यांकडे हीटसिंकच्या पात्यांमध्ये तंतू अक्षरशः नमद्यासारखे बसलेले असतात, वर फोडणीच्या तेलाची वाफ बसून ते चिकट होतात. फुंकून निघत नाहीत. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पूर्ण वाळू द्या. पाणी नको, रॉकेलही नको.

पंख्याला बोटाने फिरवा. सोडल्यावर दोन-तीन फेऱ्या सहज घ्यायला हव्यात. जड असेल तर मागचा स्टिकर सोलून बुशमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खाण्याचं तेल घालू नका, ते काही दिवसांत गोंदासारखं होतं. तरी जड राहिला तर नवा घ्या. स्टिकरवर १२ व्होल्ट आहे की १८ ते पाहूनच घ्या, १८ च्या बोर्डावर १२ चा पंखा लवकर जळतो.

झाडीपट्टी | १० मे, दुपारी २:४५

साफ केलं, पंखा मोकळा आहे. वेळ सात मिनिटांवरून वीसवर गेली, पण कोड येतोच. तवा ठेवला की लवकर येतो, वरणाच्या गंजाला उशिरा.

मोजूनसांगा | १० मे, दुपारी ३:३०

तव्याला लवकर येतो, म्हणजे हीटसिंकपेक्षा काचेखालच्या सेन्सरकडे पाहा. पाण्याचं भांडं १०० अंशाच्या फार वर जात नाही, तवा आरामात २५० पार करतो. भाकरीला तवा १८०० वर रिकामा तापवत ठेवू नका. १०००-१२०० वर तापवा आणि लगेच भाकरी टाका. लोखंडी तव्याचं बूड मधोमध वर आलेलं असेल तर काचेचा आणि तव्याचा संबंध फक्त कडेला येतो. उजेडासमोर पट्टी धरून पाहा.

त्यासोबत हीटसिंकही एकदा बघून टाका. आयजीबीटी आणि ब्रिजच्या (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) खालची, उष्णता हीटसिंककडे नेणारी पांढरी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल. आयजीबीटीचा स्क्रू काढा, जुनी पेस्ट खरवडा, नवीन पातळ थर लावा, धातू अंधुक दिसेल इतकाच, आणि स्क्रू पक्का कसा. जाड थर उष्णता अडवतो. मूळ बसवणीत खाली अभ्रक किंवा रबरी पट्टी असेल तर ती पुन्हा ठेवायचीच, नसेल तर घालायची नाही. हीटसिंकचा सेन्सर आपल्या जागी टेकला की नाही तेही पाहा.

झाडीपट्टी | १० मे, रात्री ९:१०

पेस्ट खरंच भुकटी झाली होती. बदलली. आज संध्याकाळी भाकरी ११०० वर केल्या, कोड नाही. उद्या दुपारी पाहतो. आणखी एक: शेजारच्या घरी हीच शेगडी आहे, तिचा आयजीबीटी दोनदा बदलला, दोन्हीदा चालू करताच फ्यूज उडाला.

ओहमचा_नियम | ११ मे, सकाळी ६:५०

आयजीबीटी एकटा मरत नाही, त्याला मारणारा शेजारी असतो. नवा टाकायच्या आधी हे तपासा. ब्रिजच्या चारही डायोडमध्ये एकही शॉर्ट नको. कॉईलला समांतर असलेला ०.२७ किंवा ०.३ मायक्रोफॅरॅड, १२०० व्होल्टचा कंडेन्सर मीटरवर मोजा. छापील आकड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त खाली गेला असेल तर काढा, तो कमी झाला की आयजीबीटीवर येणारा झटका वाढतो. ५ मायक्रोफॅरॅडचाही तसाच पाहा. गेटला करंट देणारे दोन छोटे ट्रान्झिस्टर, बहुतेक एस८०५० आणि एस८५५०, गेटचा रेझिस्टर आणि १८ व्होल्टचा झेनर हे आयजीबीटी फुटताना सोबत जातात, ते न बदलता नवा टाकला की पुन्हा फटाका. १८ व्होल्टची सप्लाय पूर्ण येते का हेही आयजीबीटी लावण्याआधीच पाहा. गेटला १०-१२ व्होल्टच मिळाले तर तो अर्धवट उघडतो आणि तापून मरतो.

एच२०आर१२०३ किंवा जो नंबर असेल तो ओळखीच्या दुकानातून घ्या. जुने काढून वरचा नंबर घासून पुन्हा छापलेले बाजारात फिरतात. नवा हातात आल्यावर मीटर डायोडवर ठेवा: कलेक्टर-एमिटर एका दिशेने आतला डायोड दाखवेल, दुसऱ्या दिशेने काही नाही. गेट-एमिटर दोन्ही दिशांनी उघडं.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी नाही. प्लग लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. भांड्याशिवाय चालू केल्यावर दर एक-दोन सेकंदांनी मंद लुकलुकला तर शेगडी भांडं शोधत आहे, तेही ठीक. लखलखीत पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे, लगेच काढा. बल्बवर पास झाल्याशिवाय थेट लाइटवर लावायची नाही. फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची नाही.

बोरीबाभळी | ११ मे, सकाळी ८:१५

वर "भांडं नाही" वाला प्रकार राहून गेला. स्टीलचा गंज ठेवला तरी टीं-टीं करून राहिली आमची.

तारकामगार | ११ मे, सकाळी ९:००

बुडाला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालतं. स्टील सगळं सारखं नसतं, काही स्टीलला चुंबक लागतच नाही. जर्मनचा, तांब्याचा, पितळेचा गंज चालणार नाही. बुडाचा व्यास १२ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, म्हणून चहाचं छोटं भांडं बरेचदा नाकारलं जातं. गोल बुडाची कढई नाही.

चुंबक चिकटतं, बूड सपाट आहे आणि तरी नाकारते, तर कॉईलच्या दोन टोकांवरून चिपकडे जाणारे एक-दोन वॅटचे मोठे रेझिस्टर पाहा, २४० ते ८२० किलोच्या घरातले. व्होल्टेजच्या साखळीला लावलेला नियम इथेही, छापीलपेक्षा जास्त आला तर गेलेला. त्यांच्या पायाशी सोल्डरला गोल भेग असेल तर आधी ती भरा. कॉईलच्या दोन टोकांचे स्क्रूही कसून घ्या. ते ढिले असले की तिथलं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसतं.

झाडीपट्टी | ११ मे, दुपारी ३:५५

दुपारच्या उन्हात ४० मिनिटं चालवली, आधी वरण, मग भाकरी. कोड नाही. शेजारच्या शेगडीचा कंडेन्सर ०.३ लिहिलेला, मीटरवर ०.२१ येतो, आणि एस८०५० शॉर्ट आहे. दोन्ही मागवले.

ओहमचा_नियम | ११ मे, संध्या. ५:२०

झेनर आणि गेटचा रेझिस्टरही त्याच पार्सलात मागवा. आणि कंडेन्सर १२०० व्होल्टचाच घ्या, ६३० व्होल्टचा दिसायला तसाच असतो.